इन्व्हर्टर घेण्याआधी

दरवर्षी ऑक्टोबर उजाडला की काश्मीर आणि लडाखमध्ये नव्याने पोस्टिंग आलेल्यांचे फोन सुरू होतात. जिथे कुटुंब आणायची मुभा आहे तिथे क्वार्टर मिळालेलं असतं किंवा शहरात भाड्याचं घर बघून झालेलं असतं. पोरांच्या शाळेचं, गॅसचं, सामानाच्या ट्रकचं बोलून झालं की शेवटी एक प्रश्न हमखास येतो: "सर, इन्व्हर्टर केवढा घेऊ?" प्रश्न रास्त आहे, पण तो पहिला नव्हे. पहिला प्रश्न असा की वीज गेल्यावर खोली कशाने गरम करणार आणि त्या जाळाची हवा कुठून बाहेर जाणार?

माझं मत सरळ सांगतो. हिवाळ्यात वीज जाण्याची आपली तयारी दिव्यापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा दिव्यापाशीच संपते. ती हवेपासून सुरू व्हायला हवी. अंधारात माणूस अडखळतो, वैतागतो, लवकर झोपतो. जिवावर बेततं ते बंद खोलीत, थंडीवर आपणच शोधलेल्या उपायामुळे.

आधी वीज का जाते ते पाहू. उरी, सलाल, बगलिहार ही इथल्या जलविद्युत प्रकल्पांची नावं आपण ऐकलेली असतात, त्यामुळे एवढ्या नद्या असताना वीज कमी का, असं नवख्याला वाटतं. पण हे प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतात. कोयनेसारखा मोठा साठा करून तो हवा तेव्हा सोडायची सोय इथे नाही. १९६०च्या सिंधू पाणी कराराच्या चौकटीत ते असेच आखले गेले. हिवाळ्यात डोंगरावरचं पाणी बर्फ होऊन तिथेच थांबतं, झेलम आणि चिनाब रोडावतात आणि वीजनिर्मिती घसरते. नेमक्या त्याच दिवसांत घरोघरी हीटर, गीझर आणि इलेक्ट्रिक ब्लँकेट सुरू होतात. तूट बाहेरून वीज आणून भरावी लागते आणि तरी उरते. मग वेळापत्रक लावून वीज बंद होते, मीटर असलेल्या भागात कमी तास, नसलेल्या भागात जास्त. त्यात ओला, जड बर्फ पडला की तारा तुटतात, झाडाच्या फांद्या तारांवर येतात, आणि वेळापत्रकाला काही अर्थ उरत नाही.

लडाखची गोष्ट थोडी वेगळी. श्रीनगरहून द्रास, कारगिल मार्गे लेहला जाणारी २२० केव्हीची वाहिनी फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. त्याआधी तिथली मदार स्थानिक छोट्या जलविद्युत केंद्रांवर आणि डिझेल जनरेटरवर होती. आता परिस्थिती बरीच सुधारली आहे. पण ही तार झोजिलासारख्या भागातून जाते. भर हिवाळ्यात तिथे बिघाड झाला तर दुरुस्तीची माणसं बर्फातूनच पोचणार. म्हणून सुधारणा कितीही झाली तरी घराने दोन दिवस विजेशिवाय काढायची तयारी ठेवावी, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आता इन्व्हर्टरचा हिशेब मांडू. घरोघरी असते ती १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी. कागदावर तिच्यात १८०० वॉट-तास असतात. बॅटरी पूर्ण उपसायची नसते, इन्व्हर्टरमध्येही थोडी वीज खर्ची पडते, म्हणून हाती साधारण १००० वॉट-तास येतात असं धरा. म्हणजे एक युनिट. वीजबिलावरचं ते एक युनिट. त्यावर ९ वॉटचे चार एलईडी दिवे, वायफायचा राउटर आणि मोबाइलचं चार्जिंग सोळा-सतरा तास चालेल. पण २००० वॉटचा रूम हीटर अर्धा तासच चालेल, आणि तोही इन्व्हर्टरने तो भार उचलला तर. घरगुती ९०० व्हीएचा इन्व्हर्टर उचलतच नाही. शिवाय थंडीत बॅटरीची ताकद कमी होते. शून्य अंशाला ती वीस टक्क्यांच्या आसपास घटते, उणे वीसला जवळपास निम्मी. अर्धवट उतरलेली बॅटरी उघड्या व्हरांड्यात ठेवली तर आतलं पाणी गोठून ती फुटूही शकते.

थोडक्यात, इन्व्हर्टर उजेड देतो, ऊब देत नाही. २१ डिसेंबर २०२४च्या रात्री श्रीनगरचा पारा उणे ८.५ अंशांवर गेला होता. द्रासला तर उणे वीसचं कुणाला नवल वाटत नाही. अशा रात्री वीज गेली की ऊब येणार ती जाळातूनच: बुखारी, गॅस हीटर, कोळशाची शेगडी किंवा कांगडी. म्हणून म्हणतो, वीज जाण्याची तयारी म्हणजे मुळात बंद खोलीत जाळ ठेवण्याची तयारी. ती कुणी करत नाही, कारण दुकानात त्याचा विषयच निघत नाही.

जाळाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे छाती हलत असते, श्वास चालू असतो आणि शरीर मात्र गुदमरत असतं. सुरुवात डोकेदुखी, मळमळ, गरगरणं आणि ग्लानीने होते. थकून आलेला माणूस म्हणतो, जरा पडतो. तो पडतो आणि उठत नाही. जवळजवळ दर हिवाळ्यात उत्तर भारतातल्या कुठल्या ना कुठल्या गावाहून अशी बातमी येते की एका खोलीत झोपलेलं अख्खं कुटुंब सकाळी उठलंच नाही. आपण ती वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो.

आपल्या लोकांना इथे दोन गोष्टी फसवतात, त्या नीट लक्षात ठेवा.

पहिली म्हणजे उंची. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. नव्याने आलेल्याचं डोकं दुखतं, मळमळतं, झोप नीट लागत नाही, आणि हे उंचीमुळे होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. कार्बन मोनॉक्साइडची लक्षणं हुबेहूब तीच. मग माणूस उंचीची गोळी घेतो आणि त्याच बंद खोलीत, त्याच बुखारीशेजारी झोपायला जातो. ओळखायची साधी खूण अशी: खोलीतल्या सगळ्यांना एकदमच त्रास होतोय का, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतंय का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर जाळावर संशय घ्या.

दुसरी म्हणजे ऑक्सिमीटर. २०२० नंतर आपल्या घराघरात बोटाला लावायचं ते यंत्र आलं आणि त्यावर आपला फार विश्वास बसला. पण साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. माणूस विषबाधेने बेशुद्ध होत असताना ते यंत्र ९८ दाखवू शकतं. तेव्हा "सॅच्युरेशन चांगलं आहे, झोपू दे" हे वाक्य बुखारीच्या खोलीत उच्चारू नका.

काश्मिरी माणूस हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या जगत आला आहे. त्याचं कॅलेंडरच थंडीवर बेतलेलं आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. आपल्याकडे उन्हाळ्यात सांडगे, कुरडया, पापडांचं वाळवण घालतात, तसं इथे उन्हाळ्याच्या अखेरीस दुधी, वांगी, टोमॅटो चिरून माळा करून वाळवतात. त्याला होख स्यून म्हणतात. रस्ता बंद झाला तरी चूल बंद पडू नये, हा त्यामागचा विचार.

ऊब मिळवण्याची त्यांची रीत तर शिकण्यासारखी आहे. जुन्या घरांत हमाम असतो. दगडी लाद्यांच्या जमिनीखाली पोकळी, त्यात लाकडं पेटवायची, धूर धुराड्याने बाहेर आणि लाद्या तासन्‌तास गरम. जाळ खोलीच्या हवेत नाही, ऊब मात्र खोलीत. सगळं घर एका खोलीत जमतं, बाकीच्या खोल्या थंड राहिल्या तरी चालतं. अंगात सैल फेरन, त्याखाली वेताच्या टोपलीतली कांगडी. खोली तापवायच्या भानगडीत न पडता माणूस तापवायचा. अर्थात कांगडीचंही सगळंच चांगलं नाही. वर्षानुवर्षं ती पोटामांडीशी धरल्याने होणारा त्वचेचा कर्करोग वैद्यकशास्त्रात 'कांगडी कॅन्सर' याच नावाने नोंदला गेला आहे. आणि बंद खोलीत कांगडी म्हणजे शेवटी कोळशाचे निखारेच. जुनं ते सगळं सोनं असं मला म्हणायचं नाही. पण जाळ बाहेर आणि ऊब आत हे तत्त्व त्यांनी पाळलं, आणि नव्या काँक्रीटच्या, मोठ्या काचांच्या घरांत राहायला येणारे आपण ते पाळत नाही.

आता फौजेबद्दल. आपल्याकडे हिवाळ्याचा साठा बर्फ पडण्याआधी महिनोन्‌महिने वर चढवला जातो. बुखारी कुठे ठेवायची, तिचा पाइप किती वेळाने साफ करायचा, झोपण्यापूर्वी ती कोण विझवणार, हे ठरलेलं असतं. ते शब्द प्रत्येक माजी सैनिकाच्या कानात अजून असतील. पण ही शिस्त बराकीच्या दारातच थांबते. जवान ड्यूटीवर असतो आणि क्वार्टरमध्ये असते ती सातारा, सांगली किंवा बुलढाण्याहून पहिल्यांदाच बर्फात आलेली त्याची बायको, दोन लहान मुलं, कधी सोबतीला आलेली आई. ज्याला ड्रिल ठाऊक आहे तो घरी नाही, आणि जे घरी आहेत त्यांना कुणी ड्रिल शिकवलेलं नाही. वीज जाते ती रात्री अकराला. शेजारीण म्हणते, कोळसे पेटवून आत घ्या. सासूबाई म्हणतात, बाळाला वारं लागेल, खिडकी लाव. दोघींच्या मनात मायाच असते.

म्हणून जे घरी राहणार आहेत त्यांना शिकवा. माझ्या मते क्रम असा असावा.

हवा. झोपायच्या खोलीत कोळशाची शेगडी न्यायचीच नाही, खिडकी किलकिली ठेवूनसुद्धा नाही. राखेखालचा निखारा विझल्यासारखा दिसतो, पण रात्रभर गॅस सोडत राहतो. बुखारी असेल तर तिचा पाइप छतावर किंवा भिंतीबाहेर जायला हवा. सांधे घट्ट हवेत, काजळी साफ केलेली हवी आणि बाहेरचं तोंड बर्फाने बुजलेलं नको. गॅस हीटर चालू असताना खिडकीला फट हवीच. झोपताना दोन्ही बंद. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म मिळतो. इन्व्हर्टर-बॅटरीच्या किमतीपुढे तो किरकोळ आहे. तो आधी घ्या.

ऊब. एकच खोली निवडा, शक्यतो लहान, दक्षिणेच्या उन्हाची. दाराखालच्या फटीला जुनं पांघरूण लावा, जमिनीवर सतरंजी आणि गालिचा. पण हे बंदिस्त करणं जाळ नसतानाच. वीज असताना इलेक्ट्रिक ब्लँकेटने अंथरूण तापवून घ्या. ते शंभर-दीडशे वॉटमध्ये भागतं. वीज गेल्यावर रबरी गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून पायाशी. तिच्यातून कुठलाही गॅस निघत नाही. लहान बाळाच्या आणि मधुमेही माणसाच्या अंगाला ती थेट लावू नका, भाजलेलं त्यांना सांगता येत नाही किंवा कळत नाही.

पाणी. वीज गेली की मोटर बंद, आणि पारा शून्याखाली गेला की नळही बंद. वीज असताना पिंपं, बादल्या भरून घरात ठेवा, दोन मोठे थर्मास उकळत्या पाण्याने भरा. रात्री नळाची बारीक धार चालू ठेवली तर पाइप सहसा गोठत नाही. गोठलाच तर कोमट फडक्याने हळूहळू सोडवा, जाळ धरू नका.

इंधन. सिलिंडरमधला ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचा थांबतो, म्हणून गॅस असूनही शेगडी मंदावते. सिलिंडर आडोशाला ठेवा, हवं तर कोमट पाण्याच्या घमेल्यात उभा करा. त्याच्याखाली किंवा शेजारी जाळ कधीच नको. जनरेटर असेल तर डिझेलही गोठतं. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल नोव्हेंबर २०१९ मध्ये आलं ते याचसाठी. जनरेटर व्हरांड्यात, जिन्याखाली, न्हाणीघरात ठेवायचा नाही. घरापासून किमान वीस फूट लांब आणि धुराड्याचं तोंड घराविरुद्ध. आणि त्याची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून घराला वीज द्यायची नाही. ती वीज उलटी तारेत जाते. तिकडे बर्फात खांबावर चढलेला लाइनमन तुमच्यासाठीच काम करत असतो.

औषध. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरणारं माणूस असेल तर सगळा हिशेब त्याच्यापासून मांडा. पाच लिटरचं यंत्र तीनशे-साडेतीनशे वॉट घेतं, म्हणजे वरच्या बॅटरीवर जेमतेम तीन तास. त्याला पर्याय बी टाइप सिलिंडर. त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला दोन लिटरने तो साडेबारा तास पुरतो. दोन दिवसांसाठी चार सिलिंडर लागतील, हे आधीच ठरवून ठेवायचं. ऑक्सिजनच्या खोलीत कुठलाच जाळ नको, हे वेगळं सांगायला नको.

उजेड आणि फोन शेवटी. इन्व्हर्टर घ्या, जरूर घ्या, पण या सगळ्यानंतर. वीज जाताच हीटर-गीझरची बटणं बंद करा आणि ती परत आल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. अख्ख्या गल्लीचे हीटर एकदम सुरू झाले की ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तासाभराचा अंधार दोन दिवसांचा होतो.

आणि कुणी ग्लानीत सापडलंच तर दारं-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, जाळ विझवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा: "खोलीत बुखारी होती." साध्या हवेत हा गॅस रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. त्या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलते.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे. चोवीस तास वीज देणं हे सरकारचं काम, लोकांनी एकविसाव्या शतकात कांगडी आणि थर्मास का घेऊन बसावं? आक्षेप बरोबर आहे. मीटर बसायला हवेत, उघड्या तारांच्या जागी आवरणाच्या केबल यायला हव्यात, ट्रान्सफॉर्मर वाढायला हवेत, आणि वीज वापरणाऱ्याने बिलही भरायला हवं. ती मागणी जोरात करावी. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये, जिथे विजेची टंचाई कुणाच्या स्वप्नातही नव्हती, थंडीच्या लाटेत वीजव्यवस्था कोलमडली. लोकांनी ऊब मिळावी म्हणून गॅरेजमध्ये गाड्या आणि घरात जनरेटर चालू ठेवले आणि त्या धुराने माणसं गेली. ह्यूस्टन-डॅलसला आपली कितीतरी मराठी घरं आहेत, त्यांना हे सांगायला नको. श्रीमंत राज्यातही तार तुटते. तार तुटल्यानंतरची पहिली रात्र घरालाच काढायची असते.

म्हणून माझ्या मागण्या तीन. थंड भागातल्या प्रत्येक फॅमिली क्वार्टरमध्ये, जिथे जिथे जाळ वापरला जातो तिथे, कार्बन मोनॉक्साइड अलार्म असावा, आणि तो आमच्या कॅन्टीनमध्ये इन्व्हर्टरच्या शेजारच्या फळीवर मिळावा. नोव्हेंबरमधल्या कुटुंबांच्या बैठकीत अर्धा तास बुखारीच्या ड्रिलला द्यावा, तोही घरातल्या बायकांना आणि मोठ्या मुलांना हाताने करायला लावून. आणि पुण्या-मुंबईहून हिवाळ्यात काश्मीर-लडाखच्या सहली नेणाऱ्यांनी होमस्टे ठरवताना जेवणाच्या मेनूआधी एवढं विचारावं की खोली कशाने तापवता आणि धूर कुठे जातो.

माजी सैनिक मंडळींना एक विनंती. तुमच्यापैकी कित्येकांनी ग्लेशिअरवर, द्रासला, तवांगला हिवाळे काढलेत. मुलगा, जावई किंवा भाचा आज तिकडे पोस्टिंगवर असेल तर या रविवारी फोन करा. त्याला करू नका, त्याला हे येतं. सूनबाईला करा, लेकीला करा. बुखारीचा पाइप साफ केला का, रात्री कोण विझवतं, खिडकीला फट आहे का, एवढं विचारा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि चिल्लई कलान सुरू होण्याआधी ते झालं पाहिजे.